महापालिकेची माहिती प्रणाली, नागरी सेवा आणि तुमचा व्यवसाय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परवाना, करआकारणी, नळजोडणी, रस्ताखोदाईची परवानगी, तक्रार: महापालिकेतले बहुतेक काम आता संगणकातून पुढे सरकते. काम सरकले तर प्रश्न पडत नाही. अडकले की मात्र नेमके कुठे अडकले हे बाहेरून कळत नाही. ही उत्तरे व्यावसायिकांसाठी आहेत, तशीच महापालिकेत या प्रणाली चालवणाऱ्यांसाठीही आहेत.

माहिती प्रणाली म्हणजे महापालिकेची वेबसाइटच ना?

नाही. वेबसाइट किंवा अ‍ॅप हा फक्त दर्शनी भाग. सर्वांत खाली मूळ नोंदवह्या असतात: पत्ते, मिळकती, रस्ते, आस्थापना. त्यांच्या आधारावर रोजच्या कामाच्या प्रणाली चालतात: करआकारणी, परवाने, पाणीपट्टी, बांधकाम परवानगी, तक्रार निवारण. या सगळ्याला जागेशी जोडतो तो नकाशा, म्हणजे जीआयएस. आणि एका विभागाची माहिती दुसऱ्याला मिळावी म्हणून मधे एपीआयचे, म्हणजे दोन प्रणालींना आपसांत माहिती मागता-देता येईल असे दुवे असतात.

दर्शनी भाग बदलला की लगेच दिसतो, म्हणून खर्च आधी तिकडे होतो. पण अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा तळाच्या नोंदवहीतल्या चुकीमुळे. तिथे दुरुस्ती झाली नाही तर नवे अ‍ॅप जुनाच घोळ जरा वेगाने दाखवते, इतकेच.

पत्त्याच्या नोंदीला एवढे महत्त्व का?

कारण महापालिकेची जवळजवळ प्रत्येक सेवा कुठल्या तरी जागेवर दिली जाते. कर जागेवर लागतो, परवाना जागेसाठी मिळतो, अग्निशमनची गाडी जागेवर जाते, कचरा जागेवरून उचलला जातो. त्या जागेची ओळख प्रत्येक विभागात वेगळी असेल, तर त्या एकाच जागेच्या नोंदी आहेत हे संगणकाला कळण्याचा मार्गच राहत नाही.

एक उदाहरण बारकाईने पाहू. एका इमारतीत तळमजल्यावर चौथा गाळा आहे. करविभागात नोंद आहे ‘गाळा ४, १२/३’. पाणीपुरवठ्याकडे ‘१२-३, तळमजला’. परवाना विभागात ‘दुकान क्र. ४, चौकाजवळ’. माणसाला तिन्ही एकच वाटतात. संगणकाच्या लेखी त्या तीन जागा आहेत. आता गाळा विकला गेला आणि करविभागात मालकाचे नाव बदलले, तरी बाकी दोन ठिकाणी जुनाच मालक राहतो. पुढे परवाना नूतनीकरणाच्या वेळी ‘नाव जुळत नाही’ अशी त्रुटी निघते आणि व्यावसायिकाला वाटते की आपल्याच कागदात काही चुकले.

नेदरलँड्समध्ये यावर केलेला उपाय अभ्यासण्यासारखा आहे. तिथे पत्ते आणि इमारतींच्या मूळ नोंदवहीचा कायदा २००९ मध्ये लागू झाला आणि २०११ पासून सरकारी कार्यालयांना ती नोंदवही वापरणे बंधनकारक झाले. नोंदी ठेवण्याची जबाबदारी नगरपालिकांची. प्रत्येक वस्तूला १६ अंकी क्रमांक मिळतो: पहिले ४ अंक नगरपालिकेचे, पुढचे २ अंक वस्तूच्या प्रकाराचे, उरलेले १० अनुक्रमाचे. इमारत, इमारतीतला गाळा किंवा घर, आणि दारावरचा क्रमांक या तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवल्या जातात. म्हणून दारावरचा क्रमांक बदलला तरी गाळ्याची ओळख बदलत नाही. शिवाय दुसऱ्या सरकारी कार्यालयाला नोंदीत चूक असल्याची शंका आली, तर ती नगरपालिकेला कळवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. मला या व्यवस्थेतला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. नोंदवही कितीही चांगली बनवा, चुका कळवल्या जाण्याची वाट नसेल तर ती काही वर्षांत शिळी होते.

डेन्मार्कने २००२ मध्ये पत्त्यांची अधिकृत माहिती सर्वांना विनामूल्य खुली केली. नंतर झालेल्या अभ्यासात २००५ ते २००९ या काळातला थेट आर्थिक लाभ सुमारे ६.२ कोटी युरो आणि खर्च सुमारे २० लाख युरो असा अंदाज निघाला. डिलिव्हरी, विमा, वाहनांतले दिशादर्शक, आपत्कालीन सेवा या सगळ्यांना एकच पत्ता वापरता येऊ लागला.

नकाशावर माझे दुकान भलत्याच ठिकाणी दिसते. का?

बहुधा चारांपैकी एक कारण असते.

अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झालेली असते. काही प्रणाली आधी अक्षांश मागतात, काही आधी रेखांश. तक्ता एका प्रणालीतून काढून दुसरीत भरताना हे उलटते. दुसरे, जागा सापडलीच नाही म्हणून संगणकाने शून्य-शून्य भरलेले असते. मग ठिपका थेट आफ्रिकेच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतो. तिसरे कारण दशांशाचे. पाच दशांश स्थळे म्हणजे साधारण १ मीटरची अचूकता, चार म्हणजे ११ मीटर, दोनच ठेवली तर १ किलोमीटरपेक्षाही जास्त फरक. एक्सेलच्या रकान्यात आकडा गोल झाला आणि तसाच पुढे गेला की एका वॉर्डातले दुकान शेजारच्या वॉर्डात दिसू लागते.

चौथे कारण पकडायला अवघड. जुना नकाशा एका संदर्भ प्रणालीत (अक्षांश-रेखांश मोजण्याच्या चौकटीत) आणि नवी मोजणी दुसरीत असेल, तर सगळेच ठिपके एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसतात, कधी शे-दोनशे मीटरनेही. एकच ठिपका चुकला असेल तर नोंद दुरुस्त करा. सगळेच ठिपके एका बाजूला सरकलेले दिसले तर एकेक ठिपका हाताने हलवू नका. जीआयएस कक्षाला संदर्भ प्रणाली तपासायला सांगा.

ऑनलाइन अर्ज केल्यावर आत नेमके काय होते?

अर्ज दाखल झाला की क्रमांक पडतो. मग प्राथमिक छाननी, शुल्क, संबंधित विभागांचे अभिप्राय, गरज असल्यास स्थळपाहणी, निर्णय, आणि शेवटी क्यूआर कोड असलेला परवाना.

वेळ कुठे जातो हे अभिप्रायांच्या टप्प्यात ठरते. समजा अग्निशमनला ७ दिवस लागतात, आरोग्य विभागाला १०, नियोजनाला ५. फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरली तर २२ दिवस. तिघांकडे एकाच वेळी गेली तर १०. कागदाची फाइल एकच असते, ती एका वेळी एकाच टेबलावर असू शकते. संगणकात ही अडचण नाही, तरीही अनेक ठिकाणी ऑनलाइन प्रणाली कागदाच्या फाइलचाच क्रम पाळते. प्रणाली बसवताना आधीचा कार्यप्रवाह तपासला नाही की असे होते.

‘घड्याळ थांबणे’ हा प्रकारही समजून घ्या. त्रुटी काढली की मुदतीचे दिवस मोजणे थांबते आणि तुम्ही उत्तर दिल्यावर पुन्हा सुरू होते. तत्त्वतः हे रास्त आहे. पण आज एक त्रुटी, तिची पूर्तता झाली की आठवड्याने दुसरी, असे झाले तर कागदावर मुदत पाळली जाते आणि प्रत्यक्षात महिने जातात. म्हणून चांगल्या प्रणालीत सर्व त्रुटी एकाच वेळी नोंदवण्याची सक्ती असते, आणि नंतर नवी त्रुटी काढायची असेल तर वरिष्ठांची मंजुरी लागते.

अर्ज वारंवार परत येतो. काय तपासावे?

आधी नाव. कराच्या पावतीवर, भाडेकरारात आणि अर्जात नाव अक्षरशः एकच आहे का? आद्याक्षरे, मधले नाव, संस्थेच्या नावातले ‘आणि’ किंवा ‘व’ यांवरून बराच गोंधळ होतो.

मग क्षेत्रफळ. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. तुमचा गाळा ४० चौरस मीटरचा, म्हणजे सुमारे ४३० चौरस फुटांचा. अर्जातला रकाना चौरस मीटरचा आहे आणि तुम्ही ४३० लिहिलेत, तर संगणकाच्या दृष्टीने तुम्ही दहापटीहून मोठी जागा दाखवली. शुल्काचा टप्पा बदलतो, छोट्या जागेला न लागणारी अग्निशमनची स्थळपाहणी आपोआप मागितली जाते, आणि कराच्या नोंदीशी आकडा जुळत नाही म्हणून शेवटी अर्जही परत. एका रकान्यापायी तीन टेबलांचे काम वाढते.

नंतर व्यवसायाचा संकेतांक. अनेक देशांतली वर्गीकरणे संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणावर बेतलेली असतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीत ५६१० हा उपाहारगृहांचा वर्ग आहे, ९६०२ केशकर्तन व सौंदर्य सेवांचा. ‘इतर’ निवडण्याचा मोह टाळा. संकेतांकावरूनच कोणाचे अभिप्राय लागतील हे ठरते. ‘इतर’ निवडले की अर्ज आपोआप पुढे जात नाही, कोणीतरी हाताने तो योग्य टेबलाकडे पाठवेपर्यंत पडून राहतो. दोन व्यवसाय असतील तर मुख्य आणि दुय्यम असे दोन्ही लिहा.

शेवटी जोडपत्रे. ए४ कागद ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू घेऊन, स्कॅन केला तर साधारण २४८० × ३५०८ बिंदूंचे चित्र बनते. रंगीत आणि न दाबलेले असेल तर ते जवळपास २६ एमबी होते, करड्या छटांत त्याच्या एक तृतीयांश. पोर्टलची मर्यादा २ एमबी असेल तर फाइल चढणारच नाही. छापील मजकुराला २०० डीपीआय आणि करड्या छटा पुरतात. आराखडा मात्र स्कॅन करू नका. वास्तुविशारदाकडून थेट पीडीएफ घ्या. ती आकाराने लहान असते आणि कितीही मोठी केली तरी रेषा फाटत नाहीत.

नाव शोधले की ‘नोंद आढळली नाही’ असे येते, पण नोंद तर आहे. हे कसे?

देवनागरीत हा प्रकार विशेष होतो. ‘कुऱ्हाड’ या शब्दातले ऱ्ह संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवता येते. एका प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा ठिपका), तिसऱ्यात ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण शोधताना संगणक आतले संकेतांक ताडतो. एका कर्मचाऱ्याने एका कळफलकावरून नाव भरले, दुसऱ्याने दुसऱ्या कळफलकावरून शोधले, की नोंद असूनही सापडत नाही.

पहिल्या दोन प्रकारांतला फरक युनिकोडच्या (अक्षरांना संकेतांक देणाऱ्या जागतिक मानकाच्या) ठराविक सामान्यीकरणाने, म्हणजे सारखी रूपे एकाच रूपात आणण्याने, मिटतो. तिसऱ्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. अंकांचेही तसेच: ‘१२’ आणि इंग्रजी अंकांतले ‘12’ एकच आहेत हे प्रणालीला शिकवावे लागते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेली माहिती तर आधी रूपांतरित करावी लागते, आणि त्यानंतर नमुना नोंदी डोळ्यांनी वाचून पाहाव्याच लागतात. रूपांतरात जोडाक्षरे आणि रफार हमखास बिघडतात. नागरिकाला यातले काहीच करता येत नाही. त्याने नावाऐवजी मिळकत क्रमांकाने शोधावे, हाच खात्रीचा मार्ग.

खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही. पुन्हा भरू का?

लगेच नको. तुमच्या बँकेने पैसे दिले, पेमेंट गेटवेने (ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या मधल्या यंत्रणेने) घेतले, पण ‘पैसे मिळाले’ हा निरोप महापालिकेच्या प्रणालीपर्यंत पोहोचला नाही, असे बहुतेक वेळा झालेले असते. इंटरनेट तुटले किंवा परतीचे पान उघडण्याआधी ब्राउझर बंद केला, तरी हे घडते.

नीट बांधलेली प्रणाली ब्राउझरवर विसंबत नाही. ती थोड्या थोड्या वेळाने गेटवेला स्वतः विचारते की या क्रमांकाच्या व्यवहाराचे काय झाले, आणि उत्तर मिळाल्यावर पावती बनवते. म्हणून आधी बँकेचा संदर्भ क्रमांक टिपून ठेवा, अर्ज क्रमांकाने स्थिती पाहा, पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत थांबा. तरीही पावती नसेल तर संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम देऊन लेखा विभागाकडे लेखी कळवा.

प्रणाली चालवणाऱ्यांसाठी: दिवसअखेर बँकेचे विवरण, गेटवेचा अहवाल आणि पावत्यांची यादी या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. दोनचाच मेळ घातला तर तिसऱ्या जागी हरवलेली रक्कम महिनाअखेरीपर्यंत दिसत नाही.

तक्रार नोंदवली की ती जाते कुठे?

तातडीचे नसलेले फोन वेगळ्या क्रमांकावर घेण्याची सुरुवात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराने १९९६ मध्ये ३११ या क्रमांकाने केली. आपत्कालीन ९११ वरचा भार हलका करणे हा हेतू होता. न्यूयॉर्कमध्ये ही सेवा २००३ पासून आहे. ब्रिटनमध्ये २००७ पासून ‘फिक्स माय स्ट्रीट’ या संकेतस्थळावर नकाशावर खूण करून तक्रार करता येते.

आतली यंत्रणा सगळीकडे जवळपास सारखी असते. तक्रारीचा प्रकार आणि जागा या दोन गोष्टींवरून ती कोणाकडे जायची हे ठरते. खड्डा महापालिकेच्या रस्त्यावर आहे की दुसऱ्या यंत्रणेच्या, हे नकाशावरच्या हद्दी पाहून ठरवले जाते. हद्द जिथे रस्त्याच्या मधोमध जाते तिथल्या तक्रारी दोन कार्यालयांमध्ये टोलवल्या जातात. अशा रस्त्यांची यादी करून प्रत्येकाचा एक जबाबदार विभाग आधीच ठरवून ठेवणे, एवढाच त्यावर इलाज आहे.

तक्रार लवकर सुटावी तर जागा नेमकी द्या. ‘दिवा बंद आहे’ यापेक्षा खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. त्या क्रमांकावरून खांब कुठल्या फीडरवर (वीजवाहिनीवर) आहे, दिवा किती वॅटचा आहे, शिडी लागेल की यांत्रिक पाळणा, हे सगळे दुरुस्तीला निघण्याआधीच कळते आणि एकाच फेरीत काम होते. एका तक्रारीत एकच विषय ठेवा. खड्डा, दिवा आणि गटार एकत्र लिहिले तर तक्रार पहिल्या विषयाच्या विभागाकडे जाते आणि तो विभाग आपले काम करून ती बंद करतो.

‘निकाली’ असा संदेश आला आणि काम झालेले नसेल तर नवी तक्रार न टाकता तीच पुन्हा उघडा. नवी तक्रार टाकली की विभागाच्या खात्यावर आधीची सुटलेली म्हणूनच मोजली जाते.

विभाग एकमेकांची माहिती का वापरत नाहीत? तेच कागद दरवेळी का?

काही ठिकाणी कायद्याची अडचण असते, काही ठिकाणी कंत्राटाची, पण मुळात प्रत्येक विभागाने आपली प्रणाली वेगळ्या वेळी, वेगळ्या पुरवठादाराकडून घेतलेली असते. सगळे एकाच मोठ्या डेटाबेसमध्ये ओतणे हा मोहक पण धोक्याचा उपाय आहे: एक जागा बिघडली की सगळे बंद, आणि कोणत्या माहितीचा धनी कोण हे अस्पष्ट.

एस्टोनियाने २००१ मध्ये एक्स-रोड ही माहितीच्या देवाणघेवाणीची व्यवस्था सुरू केली तेव्हा वेगळा मार्ग घेतला. प्रत्येक कार्यालय आपली माहिती आपल्याकडेच ठेवते. दुसऱ्याला हवी असेल तेव्हा तो सुरक्षित संदेशाने तेवढाच तपशील मागतो. प्रत्येक संदेशावर डिजिटल स्वाक्षरी आणि वेळेचा शिक्का असतो, आणि नोंद राहते. परवाना विभागाला ‘या मिळकतीवर थकबाकी आहे का’ एवढेच विचारायचे असते, ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर पुरते. करदात्याचा सगळा खतावणी उतारा पाठवण्याची गरज नाही.

महापालिकेच्या खुल्या माहितीचा व्यवसायाला खरेच उपयोग होतो का?

होतो, पण कुठली माहिती आणि किती ताजी, यावर. सार्वजनिक वाहतुकीचे उदाहरण सर्वांत ठळक आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलँडच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेने गूगलबरोबर वेळापत्रकाची एक साधी रचना तयार केली. तीच पुढे जीटीएफएस म्हणून जगभर गेली. ती म्हणजे एका झिप फाइलमधले काही साधे मजकुराचे तक्ते: थांबे, मार्ग, फेऱ्या, प्रत्येक थांब्याची वेळ, दिनदर्शिका. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्याच सेवेत धरायची असेल तर पहाटे दीडची वेळ २५:३० अशी लिहिली जाते. हे माहीत नसलेला प्रोग्रॅम ती फेरी चुकीची समजून गाळतो आणि रात्रीची शेवटची बस प्रवाशाला दिसतच नाही.

नवी शाखा कुठे काढावी हे ठरवताना चालू परवान्यांची यादी, बांधकाम परवानग्या, रस्ताखोदाईचे वेळापत्रक आणि थांब्यांची जागा हे चार तक्ते एका नकाशावर ठेवून पाहा. समोरचा रस्ता पुढचे सहा महिने खोदलेला राहणार आहे, हे भाडेकरार करण्याआधी कळलेले बरे.

वापरण्याआधी शेवटच्या अद्ययावतीची तारीख पाहा, आणि व्याख्या वाचा. ‘चालू परवाना’ म्हणजे शुल्क भरलेला, की प्रत्यक्ष सुरू असलेला व्यवसाय? बंद पडलेली दुकाने परवाना रद्द करायला सहसा येत नाहीत, त्यामुळे यादीत स्पर्धक प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतात.

महापालिकेलाही आपली माहिती वापरून काम सुधारता येते. शिकागोने उपाहारगृहांच्या आधीच्या तपासण्या, शेवटच्या तपासणीला लोटलेला काळ, आसपासच्या तक्रारी, तापमान अशा गोष्टींवरून कुठे आधी जावे याचा क्रम लावून पाहिला. २०१४ मधल्या चाचणीत गंभीर उल्लंघने सरासरी ७.५ दिवस आधी सापडली असती, असे आढळले. निरीक्षक तेवढेच, फक्त फेऱ्यांचा क्रम बदलायचा.

माझी खासगी माहिती अशा यादीत जाते का?

व्यवसायाचे नाव, जागा, परवान्याचा प्रकार आणि मुदत हे सार्वजनिक असणे योग्य. ओळखपत्राचे क्रमांक, घरचा पत्ता, वैयक्तिक फोन, बँक तपशील हे सार्वजनिक यादीत नसावेत. घरातूनच व्यवसाय करणाऱ्यांनी पत्ता कसा दाखवला जाणार, हे अर्ज करतानाच विचारावे.

चूक बहुधा निष्काळजीपणातून होते. पीडीएफमध्ये मजकुरावर काळी पट्टी ओढली तरी खालचा मजकूर तसाच राहतो आणि कॉपी करून वाचता येतो. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सी फेऱ्यांची माहिती बाहेर आली तेव्हा गाड्यांचे क्रमांक एमडी५ या सूत्राने सांकेतिक रूपात बदलून झाकलेले होते. पण शक्य असलेले क्रमांकच मर्यादित असल्याने सगळे क्रमांक त्याच पद्धतीने झाकून ताडून पाहता आले आणि खरे क्रमांक उघड झाले. झाकायचे असेल तर मूळ क्रमांकाशी काहीही संबंध नसलेला यादृच्छिक क्रमांक द्यावा.

प्रणाली बंद पडली तर व्यवहार थांबतात का?

तयारी नसेल तर थांबतात. ७ मे २०१९ रोजी बाल्टिमोर महापालिकेवर खंडणीचा सायबर हल्ला झाला. मागणी १३ बिटकॉइनची होती, तेव्हाच्या भावाने सुमारे ७६ हजार डॉलर. शहराने ती दिली नाही. बुडालेल्या आणि लांबलेल्या उत्पन्नासह नुकसानीचा अंदाज १.८ कोटी डॉलरच्या घरात गेला. घरांचे विक्री व्यवहारही अडकले, कारण मिळकतीवर शहराची थकबाकी नाही हा दाखला निघेना. सुमारे दोन आठवड्यांनी कागदी पद्धतीने तो देणे सुरू झाले.

यातून घ्यायची तयारी साधी आहे: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी आणि जाळ्यापासून तोडलेली. प्रत आहे एवढे पुरत नाही. ती परत उभी करून दाखवण्याचा सराव ठराविक काळाने झाला पाहिजे. शिवाय सर्वांत निकडीच्या चार-पाच सेवांचे कागदी नमुने, शिक्के आणि राखीव पावतीपुस्तके कपाटात तयार हवीत.

पाण्याच्या स्मार्ट मीटरचा फायदा कोणाला?

महापालिका आणि ग्राहक, दोघांना. रात्री २ ते ४ या वेळात वापर सर्वांत कमी असतो. तेव्हाही शहराच्या एखाद्या भागातला प्रवाह चढा असेल तर गळती शोधायला तिथून सुरुवात करतात. तुमच्या मीटरचा रात्रीचा आकडा कधीच शून्यावर येत नसेल, तर आधी टाकीचा फ्लोट आणि फ्लशची टाकी तपासा.

छोट्या नगरपालिकेने सुरुवात कुठून करावी?

पत्ते आणि मिळकतींच्या नोंदवहीपासून. एक वॉर्ड निवडा, करविभागाची यादी घेऊन घरोघर फिरून पडताळा, प्रत्येक गाळ्याला कायमचा क्रमांक द्या. त्या क्रमांकात वॉर्ड किंवा मजल्याचा अर्थ कोंबू नका. वॉर्डरचना बदलली की असे क्रमांक खोटे ठरतात. मग सर्वांत जास्त अर्ज येणाऱ्या दोनच सेवा त्या नोंदवहीवर आणा.

जुन्या प्रणालीतून नव्यात जाताना निदान एक पूर्ण बिलचक्र दोन्ही समांतर चालवा आणि वॉर्डनिहाय मागणी, वसुली, थकबाकी यांच्या बेरजा ताडा. एकूण बेरीज जुळली म्हणून थांबू नका. एका वॉर्डातली वाढ दुसऱ्यातल्या घटीने झाकली जाते.

करारात एक अट न विसरता घाला: सगळी माहिती, जोडपत्रांसह आणि रकान्यांच्या वर्णनासह, खुल्या स्वरूपात, मागाल तेव्हा, वेगळे शुल्क न घेता मिळेल. आणि पहिल्याच वर्षी ती एकदा मागून, दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. करार संपताना हे करायला गेलात तर उशीर झालेला असतो.

ऑनलाइन जमत नाही त्यांचे काय?

खिडकी चालू ठेवायचीच, पण खिडकीवरचा कर्मचारी त्याच प्रणालीत अर्ज भरतो अशी रचना करायची. दोन वेगळ्या रांगा झाल्या की खिडकीवरचे अर्ज मागे पडतात. पोर्टल मोबाइलच्या लहान पडद्यावर चालले पाहिजे आणि मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव किमान ४.५ : १ असला पाहिजे. फिकट करड्यावर करडी अक्षरे वयस्करांना वाचता येत नाहीत.

सेवा सुधारली की नाही, हे कसे मोजायचे?

सरासरीवर भरवसा ठेवू नका. दहा अर्जांपैकी नऊ ४ दिवसांत सुटले आणि एकाला ९४ दिवस लागले, तर सरासरी १३ दिवस येते. प्रत्यक्षात १३ दिवस कोणालाच लागले नाहीत. त्याऐवजी मधला आकडा सांगा, इथे ४, आणि त्याच्या जोडीला सर्वांत रखडलेल्या दहा टक्के अर्जांना किती दिवस लागले तेही सांगा. पहिल्याच फेरीत, त्रुटीशिवाय मंजूर झालेल्या अर्जांचे प्रमाण आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारींचे प्रमाण, हे दोन आकडे त्यांच्या शेजारी ठेवा. मुदतीतल्या कामाचा टक्का चढतोय आणि पुन्हा उघडलेल्या तक्रारीही वाढतायत, तर काम न करता तक्रारी बंद होत आहेत.

व्यावसायिकाने स्वतःकडे काय जपावे?

मिळकत क्रमांक, परवाना क्रमांक, नळजोडणीचा ग्राहक क्रमांक आणि व्यवसायाचा संकेतांक एका कागदावर. प्रत्येक अर्जाची दाखल झाल्याची पोच, दिलेल्या जोडपत्रांची तीच प्रत, शुल्काचा बँक संदर्भ क्रमांक. नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये, आणि तिच्या ६० दिवस आधीची आठवण, कारण थकबाकी किंवा नावातला फरक निघाला तर तो दुरुस्त व्हायला तेवढा वेळ लागू शकतो. नोंदणीकृत मोबाइल क्रमांक बदलला तर सर्वांत आधी तो बदलून घ्या; त्रुटीचा संदेश जुन्या क्रमांकावर जातो आणि उत्तराची मुदत तुम्हाला कळण्याआधीच संपते. जागा सोडली किंवा व्यवसाय बंद केला तर परवाना रद्द करण्याचा अर्ज द्या आणि त्याची पोच ठेवा, नाहीतर शुल्काची मागणी तुमच्या नावावर चढत राहते आणि त्या गाळ्यात येणाऱ्या पुढच्या माणसाचा अर्ज तुमच्या जुन्या नोंदीवर अडकतो.